तीन पिढ्यांचा दाखला

"दोन हजार वर्षं आम्ही शनिवार मोडला नाही," बाबा सांगत होते आणि मी लिहीत होते. "लिहिलंस? पुढे लिही. आठव्या दिवशी ज्याची सुंता झाली नाही असा एकही मुलगा या कोकणात आमच्यात..."

तेवढ्यात अंगणात रूबेन सुतार येऊन उभा राहिला. वहाणा त्यानं फाटकापाशीच काढल्या होत्या. हातात निळं हवाई पत्र होतं, आणि ते घामानं खराब होऊ नये म्हणून रुमालात धरलेलं होतं.

"मुकादम, जरा काम होतं," तो म्हणाला.

"कोण, रूबेन? बस."

तो पायरीवर बसला. ओटीवर चढला नाही. आमच्याकडे तो कधीच चढत नसे आणि त्याला कुणी चढ म्हणतही नसे.

ही सन बासष्टच्या नोव्हेंबरातली गोष्ट. खाडीकाठच्या आमच्या गावात तेव्हा इस्रायलांची, म्हणजे आम्हा कोकणातल्या यहुद्यांची, नऊच घरं उरली होती. बाकीचे मुंबईला किंवा थेट यहुद्यांच्या नव्या देशात गेले होते. बाबा, म्हणजे फिनाहस वाक्रूळकर, मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले आणि आमच्या मशिदीचे मुकादम. सिनेगॉगला आम्ही घरात मशीदच म्हणायचो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यामुळे त्यांचं सगळं वाचणं-लिहिणं माझ्याकडे असे. मी चोवीस वर्षांची होते आणि गावच्या शाळेत शिकवत होते.

त्या वर्षी तिकडच्या धर्मगुरूंनी हुकूम काढला होता. हिंदुस्थानातून आलेल्या आमच्या लोकांचं इतर यहुद्यांशी लग्न लावायचं असेल, तर आधी मुलाची किंवा मुलीची आई, आजी, पणजी, जमेल तितकं मागे तपासायचं. सगळ्या यहुदी होत्या असं सिद्ध झालं तरच लग्न. बाबा त्या हुकमानं पेटून उठले होते. मुंबईच्या सभेत वाचायचा ठराव ते मला सांगत होते, त्यातच रूबेन आला.

"इंग्रजांच्या राज्यात मला कुणी विचारलं नाही, तू खरा इस्रायल का," बाबा त्याला म्हणाले. ऐकायला कुणी मिळालं की ते हेच बोलत. "शिरगणतीला आले, लिहून घेतलं आणि गेले. स्वराज्य आलं, त्यांनीही नाही विचारलं. आणि ज्यांच्या राज्यासाठी आमचे वाडवडील रोज हात पसरत आले, ते आता विचारतायत. तुझी पणजी कोण! काय रे हे?"

रूबेननं ते पत्र माझ्याकडे दिलं.

"सिपूताई, तूच वाच. मिल्काचं आहे."

मिल्का माझ्याच वर्गातली. सातवीपर्यंत आम्ही एका बाकावर होतो. दोन वर्षांपूर्वी ती तिकडे गेली होती आणि वाळवंटातल्या एका नव्या गावात कापड गिरणीत काम करत होती. पत्रात लिहिलं होतं की गिरणीतल्याच एका मुलाशी तिचं लग्न ठरलंय. मुलाचे लोक मोरोक्कोहून आलेले आणि चांगले आहेत. पण नोंदणीला गेल्यावर तिला परत पाठवलं. गावच्या मुकादमांचा दाखला आणा म्हणाले. आईकडच्या तीन पिढ्या शुद्ध असल्याचा. मुलाचा बाप म्हणतो, हनुक्काच्या सणापर्यंत वाट बघू. शेवटी लिहिलं होतं, 'सिपूला सांगा, तिच्या बाबांना मी कधी त्रास दिला नाही. तिला म्हणावं, एवढं एक त्यांना करायला सांग.'

मी वाचून संपवलं. बाबांनी मान खाली घातली होती.

"रूबेन, तू मला अडचणीत घालतोयस," ते म्हणाले.

इथे एक सांगायला हवं. आमच्यात तेव्हा गोरे आणि काळे असे दोन भाग होते. कातडीच्या रंगाशी त्याचा काही संबंध नव्हता. ज्यांच्या घराण्यात मागे कधीतरी बाहेरची बाई आली होती, ते काळे. त्यांच्याशी आमची सोयरीक होत नसे आणि पंगतीला ते वेगळे बसत. रूबेनचं घर गावातलं तसलं एकमेव घर होतं. शनिवार तेही पाळत, उपास तेही करत. मशिदीत ते दाराशी बसत.

"अडचण कसली, मुकादम? एफ्राईमला दिलात तसाच द्या," रूबेन म्हणाला.

एफ्राईम माझा मोठा भाऊ. तोही तिकडेच होता आणि रुमानियातून आलेल्या एका मुलीशी त्याचं लग्न ठरलं होतं. महिन्यापूर्वीच बाबांनी त्याचा दाखला पाठवला होता. आई, आजी, पणजी, तिन्ही शुद्ध इस्रायल, खाली सही. तो मीच लिहिला होता.

"एफ्राईमची गोष्ट वेगळी. मी चाळीस वर्षं कचेरीत दाखले लिहिले. एक खोटा लिहिला नाही. तुला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे."

"मग तूच सांग. तुझ्या बायकोची आजी कोण होती?"

रूबेनचा चेहरा एकदम म्हातारा दिसायला लागला.

"मघाशी तुम्ही म्हणालात ना, इंग्रजांनी विचारलं नाही, स्वराज्यातही नाही विचारलं," तो म्हणाला. "मला सगळ्या राज्यांत विचारलं गेलं, मुकादम. तुम्हीच विचारलंत. तुमच्या वडिलांनी विचारलं, तुमच्या आजोबांनी विचारलं. माझ्या पोरीला निदान तिथं तरी कुणी विचारू नये म्हणून मी तिला इतक्या लांब पाठवली."

तो उठला. वहाणा घालताना फाटकाला धरून थोडा वेळ उभा राहिला आणि मग गेला. पत्र माझ्याच हातात राहिलं.

बाबांनी ठराव बाजूला ठेवायला सांगितला. नवा कागद घे म्हणाले. मग नेहमीच्या त्या कचेरीतल्या इंग्रजीत त्यांनी सांगायला सुरुवात केली. मजकूर तीन-चार ओळींचाच होता. अर्जदार मुलगी सुशील आहे. तिचे आईबाप धर्म पाळतात. मात्र हे कुटुंब आमच्यात काळे म्हणून गणलं जातं, सबब आईकडच्या वंशाची खात्री मला देता येत नाही.

"हे पाठवण्यापेक्षा काहीच नका पाठवू," मी म्हटलं.

"विचारलंय, तर उत्तर द्यायला हवं. सुवाच्य अक्षरात उतरून काढ. सकाळी सही करतो."

मी कागद घेऊन आत आले. आई जात्यावर तांदूळ दळत होती. ओटीवरचं बोलणं तिनं सगळं ऐकलं होतं. तशी ती फार कमी बोलायची. बाबांच्या तोंडावर तिनं कधी आवाज चढवलेला मला आठवत नाही. मी आत येताच तिनं जातं थांबवलं.

"काय लिहायला सांगितलंय?"

मी सांगितलं.

तिनं पदराला हात पुसले आणि दार लोटून घेतलं.

"सिपू, ते बदल. एफ्राईमचं जसं लिहिलंस, शब्दन् शब्द तसंच मिल्काचं लिही. वाच म्हणाले तर त्यांनी सांगितलं तेच वाचून दाखव. त्यांना दिसत नाही."

"आई, खोटी सही घ्यायची बाबांची?"

"एक घेतलीच आहेस," ती म्हणाली.

मग तिनं सांगितलं, तेही जात्यावर पुढचा घास टाकता टाकता, जणू शेजारणीची गोष्ट सांगत असावी. तिची आजी, आईची आई, सारा म्हणून सगळ्यांना माहीत होती. पण ती जन्मानं सारा नव्हती, सगुणा होती. मोठ्या दुष्काळात घाटावरून खाली आलेली पोर. तेलाचा घाणा असलेल्या आमच्याच एका घरानं तिला ठेवून घेतली, वाढवली. पुढे त्या घरच्या मुलाशी तिचं लग्न झालं. लग्नाआधी खाडीत तीन बुड्या मारायला लावल्या आणि नाव बदललं. धर्मात घ्यायला काय करायचं, तर तेवढंच त्या लोकांना ठाऊक होतं. मग नवरा गोदीत कामाला लागला, बिऱ्हाड मुंबईला गेलं आणि तिथे कुणी काही विचारलं नाही.

"म्हणजे तू..."

"म्हणजे रूबेनची बायको आणि मी सारख्याच," आई म्हणाली. "ती गावात राहिली आणि माझे लोक मुंबईला गेले, एवढाच फरक. सिपू, चौतीस वर्षं मी हे कुणाला सांगितलं नाही. तुझ्या बाबांना तर नाहीच. तू हे पोटात ठेव आणि पोरीचं पत्र लिही."

मी लिहिलं, अगदी एफ्राईमसारखं.

सकाळी बाबा आंघोळ, प्रार्थना आटपून ओटीवर बसले. मी कागद आणि दौत घेऊन गेले. आई आत चुलीपाशी होती.

"वाच," बाबा म्हणाले.

त्यांनी सांगितलेला मजकूर मला पाठ होता. पहिली ओळ म्हटली. दुसरी म्हटली. काळे या शब्दाशी माझी जीभ अडली.

"काय झालं?"

"काही नाही."

"वाईट वाटतंय तुला, मैत्रीण आहे म्हणून," बाबा म्हणाले. आवाज समजुतीचा होता, आणि तेच मला सहन झालं नाही. "पण सिपू, रक्त हे रक्तच असतं. या लोकांना कितीही जवळ घे, कुठेतरी ते दिसतंच. रूबेन काल कसा बोलून गेला बघितलंस ना? आपल्या घरातला माणूस असा बोलला असता? तुझी आई बघ. इतक्या वर्षांत एक शब्द वावगा..."

"आईची आजी घाटावरची होती," मी म्हटलं. "सगुणा नाव होतं तिचं. आई आणि रूबेनकाकू सारख्याच आहेत. तुमचा एफ्राईमचा दाखला खोटा आहे."

हे मी ओरडून म्हटलं नाही. चांगल्या स्पष्ट आवाजात म्हटलं, वर्गात मुलांना धडा सांगावा तसं. त्या क्षणी मला वाटलं होतं की मी न्यायाच्या बाजूनं बोलतेय. आत काहीतरी पडल्याचा आवाज आला.

बाबा हलले नाहीत. जागेवरूनच त्यांनी हाक मारली, "एफ्राईमची आई!"

आई उंबऱ्यात येऊन उभी राहिली. तिनं बाबांकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं.

"सिपू म्हणते ते खरं?"

"खरं."

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर लग्न केलं असतंत?"

मला वाटलं ते चिडतील. पण प्रश्न विचारला गेलाय तर खरं उत्तर द्यायला हवं, अशा विचारात ते होते.

"नसतं केलं," ते म्हणाले.

आई आत गेली.

"तो कागद दे. काय लिहिलंयस त्यावर?" बाबांनी मला विचारलं. आता लपवण्यासारखं काही नव्हतं. मी खरं ते वाचून दाखवलं. त्यांनी तो कागद फाडला. मग त्यांनी नवा कागद मागितला आणि टाकही मागितला. नाक कागदाला टेकेल इतकं वाकून, एकेक अक्षर चाचपत त्यांनी स्वतः लिहायला घेतलं. ओळी एकमेकींवर चढत होत्या. दुपारपर्यंत ते त्या चार ओळी लिहीत होते. मिल्का रूबेन हिची आई, आजी, पणजी, तिन्ही शुद्ध इस्रायल, एफ्राईमसारखंच. खाली सही केली.

"पोस्टात टाक," ते म्हणाले. "आणि दुसरं एक लिहून दे. मी मुकादमी सोडली. ज्यानं दोन खोटे दाखले लिहिले त्यानं त्या जागेवर बसू नये."

मिल्काचं लग्न फेब्रुवारीत झालं. फोटो आला. रूबेन तो घेऊन गावभर फिरला आणि आमच्याकडेही आला. मुकादमांनी स्वतःच्या हातानं दाखला लिहिला हे त्याला कळलं होतं. का लिहिला हे त्याला कधीच कळलं नाही. बाबांचे पाय धरायला तो ओटीवर चढला, तेव्हा बाबा उठून आत निघून गेले.

घरात भांडण असं झालं नाही. पण त्या दिवसानंतर बाबा आईशी बोलले नाहीत. "तुझ्या आईला सांग," असं मला म्हणत. पान मी वाढलं तरच जेवत. आई पहिल्यासारखंच सगळं करी. चुलीवरून उतरवलेलं भांडं माझ्याकडे देई आणि बाजूला होई. एकदाच, विहिरीवर आम्ही दोघीच असताना तिनं विचारलं, "माझं नाव कशाला घेतलंस गं?" मिल्कासाठी, असं सांगावंसं वाटलं. पण ते अर्धंच खरं होतं. बाबांनी तिची स्तुती केली, त्या स्तुतीनं माझं डोकं फिरलं होतं. त्यांना हरवायचं होतं मला.

चौसष्टच्या उन्हाळ्यात तिकडे आमच्या लोकांनी बायकामुलांसकट रस्त्यावर ठाण मांडलं. एफ्राईमही त्यात होता. शेवटी तिथल्या सरकारला म्हणावं लागलं की हे लोक सर्वार्थानं यहुदी आहेत, आणि धर्मगुरूंनी हुकूम बदलला. हे कळवणारं एफ्राईमचं पत्र मी मोठ्यानं वाचलं. ऐकून झाल्यावर बाबा म्हणाले, "तुझ्या आईला वाचून दाखव." आई तिथंच, दोन हातांच्या अंतरावर बसलेली होती.

सहासष्टमध्ये एफ्राईमनं दोघांना बोलावून घेतलं. कागदपत्रांसाठी मी त्यांना मुंबईला घेऊन गेले. जाणाऱ्यांचे अर्ज भरून घेणाऱ्या कचेरीत आमच्यातलाच एक तरुण कारकून होता, पेझारकर नावाचा. बाबांचा अर्ज झाला. मग त्यानं आईचा पुढे ओढला. नाव, जन्मगाव, बापाचं नाव, आईचं नाव. त्यानं शाई टिपली.

"झालं, काकू. इथे अंगठा किंवा सही."

"थांबा," बाबा म्हणाले. "तिच्या आजीचं नाव राहिलं."

"आता ते विचारत नाहीत, काका. तो रकानाच काढून टाकला."

"काढला असेल. तिच्या आजीचं नाव सगुणा. घाटावरची, जन्मानं इस्रायल नव्हे. मी मागे मुलाच्या दाखल्यात खोटं लिहिलं होतं. ते दुरुस्त करून घ्या."

कारकुनानं माझ्याकडे पाहिलं. बाजूच्या बाकावर आमच्यातलीच पाच-सहा माणसं बसली होती, तीही बघायला लागली. "काका," तो हळू आवाजात म्हणाला, "हे लिहायला जागाच नाही इथे."

"मग मागच्या बाजूला लिहा."

आई उठली. तिनं टेबलावरून हात पुढे करून तो अर्ज उचलला, चार घड्या घातल्या आणि पिशवीत टाकला.

"मी जाणार नाही," ती म्हणाली.

चार वर्षांत ती पहिल्यांदा सरळ बाबांशी बोलत होती. आवाज चढलेला नव्हता. "आधी लेकीनं सांगितलं. आता तुम्ही चार माणसांत सांगताय. दोघांनीही खरंच सांगितलंत, मी नाही म्हणत नाही. पण माझी आजी होती ती. सांगायचं की नाही, कुणाला सांगायचं, हे मला एकदा तरी विचारायचं होतंत."

बाबांनी तिच्या आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं. ते काहीतरी म्हणतील म्हणून मी वाट बघत होते. कारकूनही बघत होता. पण तोवर आई जिना उतरायला लागली होती.

नोव्हेंबरात बाबा एकटे गेले. तिसऱ्या वर्षी तिकडेच वारले. एफ्राईमनं कळवलं की शेवटी शेवटी ते डोळ्यांचं ऑपरेशन करून वाचायला लागले होते. आईनं सात दिवस जमिनीवर बसून सुतक पाळलं. मग गाव सोडून ती माझ्याकडे ठाण्याला आली. माझं लग्न तोवर झालं होतं. आम्ही दोघी त्या विषयावर कधी बोललो नाही.

अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठातली एक मुलगी टेपरेकॉर्डर घेऊन आमच्या घरी आली. आमच्यातल्या म्हाताऱ्या बायकांची गाणी आणि आठवणी ती गोळा करत होती. आईनं तिला हळदीची दोन गाणी म्हणून दाखवली. मग त्या मुलीनं विचारलं, "आजी, तुमच्या माहेरचं सांगा ना. आई कुठली, आजी कुठली?"

आईनं माझ्याकडे पाहिलं. टेपरेकॉर्डरचं चक्र फिरत होतं. त्या मुलीला वाटलं आजींना आठवत नाहीये, म्हणून तिनं मलाच विचारलं, "तुम्हाला माहितीये का, ताई?"

"मला नाही माहीत," मी म्हटलं आणि उठून गॅलरीत गेले. दोरीवरचे वाळलेले कपडे काढायला लागले. आता ती मुलगी टेपरेकॉर्डर बंद करून उठेल, असं वाटलं.

मग आईचा आवाज आला. "माझी आजी घाटावरची. सगुणा तिचं नाव. दुष्काळात आठ वर्षांची असताना भावाचा हात धरून ती घाट उतरली. भाऊ धाकटा होता. खोपोलीच्या अलीकडे त्याला चालवेना, म्हणून तिनं पाठीवर घेतला. पनवेलपर्यंत तो तिच्या पाठीवर होता. केव्हा गेला ते तिला कळलंच नाही..."

मी कपडे हातात घेऊन तशीच उभी राहिले. या भावाचं मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. त्या ओटीवर आम्ही दोघांनी मिळून तिच्या आजीचा एवढा निवाडा केला, पण ती कशी आली, कुणाबरोबर आली, हे ना बाबांनी विचारलं होतं ना मी.

"त्या भावाचं नाव काय होतं, आजी?" मुलीनं विचारलं.

आईला ते नाव माहीत होतं. तिनं सांगितलं.